चेल्व्हस्टनचा गुरुवार

मध्यरात्र उलटल्यावर

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या चेल्व्हस्टनच्या विमानतळावर १४ ऑक्टोबर १९४३ हा दिवस वैमानिकांच्या आधी कारकुनांना गाठतो. हाय विकमला मुलींची एक निवासी शाळा ताब्यात घेऊन तिथं अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाच्या बॉम्बर विभागानं मुख्यालय थाटलं आहे. रात्री तिथून टेलिप्रिंटरवर हुकूम सुटतो: कोणत्या तळानं किती विमानं द्यायची, पोटात कोणते बॉम्ब भरायचे, टाक्यांत किती पेट्रोल, कोणाच्या मागे आणि किती उंचीवर उडायचं. मग शस्त्रागारवाले, हवामानवाले, मेकॅनिक, आचारी असे एकेक जण उठवले जातात. बॉम्बच्या गाड्या धुक्यातून चाचपडत विमानांकडे निघतात. या वेळी थंडीत हात चोळत राबणाऱ्यांपैकी कोणीही उडणार नाही. जे उडणार आहेत ते झोपलेत, किंवा झोपल्याचं सोंग करून पडलेत.

पहाट

चेल्व्हस्टनला ३०५ वा बॉम्बर ग्रुप राहतो. विमान बी-१७, चार इंजिनांचं, प्रत्येकी दहा माणसांचं. दहांपैकी चौघे अधिकारी: वैमानिक, सहवैमानिक, वाट काढणारा नॅव्हिगेटर आणि बॉम्ब टाकणारा बॉम्बार्डियर. उरलेले सहा सार्जंट: इंजिनियर, रेडिओवाला आणि चार गनर. अधिकारी एका बाजूच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत, सार्जंट दुसऱ्या बाजूच्या. खानावळीसुद्धा वेगळ्या. एकमेकांच्या जिवावर विसंबलेले हे दहा जण सकाळचा चहा-कॉफीही एका टेबलावर घेत नाहीत. लष्करात हे असंच चालायचं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण हीच वाटणी संध्याकाळी शत्रूच्या मुलखात पुन्हा उपयोगात येणार आहे.

शिपाई टॉर्च घेऊन झोपडीत शिरतो आणि यादीतली नावं पुकारतो. ज्याचं नाव येत नाही तो कूस बदलून पांघरुण ओढून घेतो. बाकीचे थंड पाण्यात दाढी करतात आणि ती अगदी गुळगुळीत करावी लागते. ऑक्सिजनचा रबरी मुखवटा सहा-सात तास चेहऱ्यावर घट्ट बसायचा असतो. खुंट राहिले तर कातडी सोलून निघते. न्याहारीला आज खरी अंडी आहेत. एरवी भुकटीची अंडी, मोहिमेच्या दिवशी फोडलेली. त्यामुळे ताटात बलक दिसला की पुढचं न सांगता कळतं.

सकाळी सात

ब्रीफिंगच्या खोलीत भिंतीवर नकाशा, त्यावर पडदा. पडदा सरकतो आणि लाल रेघ जर्मनीत खोलवर श्वाइनफुर्टपर्यंत गेलेली दिसते. खोलीत काय आवाज उठतो त्याचं वर्णन परतलेल्या पुष्कळांनी केलं आहे, आणि सगळ्यांच्या सांगण्यात तो आनंदाचा नाही. दोन महिन्यांपूर्वी, १७ ऑगस्टला, श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग या दोन शहरांवर मिळून एकाच दिवशी मोहीम झाली होती. त्यात ६० विमानं गमावली गेली होती. शिवाय गेल्या शुक्रवारपासून ब्रेमेन, अँक्लाम-मारिएनबुर्ग, म्युन्स्टर अशा मोठ्या मोहिमा लागोपाठ होऊन गेल्या आहेत. झोपड्यांतल्या अर्ध्याअधिक खाटांवरचे चेहरे नवे आहेत.

श्वाइनफुर्टच का, तर बेअरिंगसाठी. सायकलच्या चाकात जे छर्रे असतात, त्यांचीच ही थोर भावंडं. रणगाडा, विमानाचं इंजिन, तोफेचा गाडा, कारखान्यातलं यंत्र, जे जे फिरतं त्यात बेअरिंग हवंच, आणि जर्मनीचं जवळजवळ निम्मं उत्पादन या एका मध्यम आकाराच्या गावात एकवटलं होतं. त्यातला एक मोठा कारखाना स्वीडनच्या एसकेएफच्या जर्मन शाखेचा. त्याच एसकेएफचा कारखाना पुढे आपल्याकडे चिंचवडला उभा राहिला. पुण्याकडच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली.

बॉम्बर विभागाचे प्रमुख जनरल अँडरसन यांचा संदेश वाचून दाखवतात: आजच्या मोहिमेवर फार काही अवलंबून आहे, वगैरे. असे संदेश लिहिणाऱ्याच्या टेबलावर बरे दिसतात. खोलीतल्या माणसांना एकच गोष्ट ऐकायची आहे, ती म्हणजे आपली लढाऊ विमानं सोबत कुठवर येणार. उत्तर: आखनच्या आसपासपर्यंत. पी-४७ विमानांचं इंधन तिथवरच पुरतं. पुढे लक्ष्यापर्यंत आणि परत येताना बराच वेळ बॉम्बर एकटे.

साडेआठ-नऊ

अंगावर चढवायचं सामान इतकं की माणूस अस्वलासारखा चालतो: लोकरी कपडे, विजेवर तापणारा पोशाख, मेंढीच्या कातड्याचं जाकीट, बूट, पाण्यात तरंगायचा पिवळा पट्टा, पॅराशूटचे पट्टे. वर उणे चाळीस अंशांचा गारठा असतो. उघड्या बोटानं मशिनगनच्या लोखंडाला हात लावला तर कातडी तिथंच चिकटून राहते. आठव्या हवाई दलाच्या दवाखान्यांत गोळीनं जखमी झालेल्यांइतकाच हिमदंशाचा ताप होता.

प्रत्येकाला एक पुडकं मिळतं: रेशमी कापडावर छापलेले नकाशे, फ्रान्स-बेल्जियम-हॉलंडचं चलन, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, थोडं खाणं. शिवाय स्वतःचे नागरी वेषातले छोटे फोटो, पकडले न गेल्यास खोट्या ओळखपत्रावर लावायला. यात एक गंमत होती. तळावर कोट-टाय मोजकेच असत, सगळे जण तेच आळीपाळीनं घालून फोटो काढून घेत. पुढे जर्मन चौकशी-अधिकारी नुसता फोटोतला कोट बघून हा कोणत्या तळाचा ते ओळखू लागले म्हणतात. गळ्यात धातूच्या दोन चकत्या. त्यावर नाव, क्रमांक, रक्तगट आणि धर्माचं एक अक्षर. यहुदी मुलांच्या चकतीवर ‘एच’ असे, आणि जर्मनीत उतरावं लागलं तर त्या अक्षराचं काय करायचं हा विचार ज्याचा त्यानं करायचा.

ट्रकमधून विमानाशी पोचल्यावर दहा जण पहिल्यांदा एकत्र येतात. चहूकडे ढग जमिनीला टेकलेले. मोहीम रद्द होईल अशी आशा कोणी बोलून दाखवत नाही. पण टेहळणी विमानाकडून निरोप येतो की युरोपवर आकाश स्वच्छ आहे.

दहानंतर

हिरवा बार उडतो आणि विमानं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं ढगांत शिरतात. वर येऊन जागा घ्यायची, ग्रुपमागे ग्रुप जुळवायचा. यातच दोन-अडीच तास जातात. प्रत्येक विमानानं दुसऱ्याला सांभाळावं, सगळ्यांच्या मशिनगनचा मारा एकमेकांत मिसळावा, अशी ती थरांची घट्ट रचना. ती घडवणाऱ्यांत मुख्य माणूस म्हणजे याच ३०५ व्या ग्रुपचा आधीचा कमांडर कर्टिस लेमे. पुढच्याच वर्षी तो खरगपूरला आला, बी-२९ विमानांचा प्रमुख होऊन. बंगालच्या त्या उकाड्यात त्यानं तीच शिस्त पुन्हा लावली.

आज मात्र ती रचनाच फसते. ढगांमुळे ३०५ व्या ग्रुपला आपले ठरलेले जोडीदार, म्हणजे ९२ वा आणि ३०६ वा ग्रुप, सापडत नाहीत. समोर ९१ वा आणि ३८१ वा दिसतात. त्यांच्या खालची जागा मोकळी आहे, तिथं हे जाऊन बसतात. खालची जागा म्हणजे सगळ्यात उघडी. बी-२४ विमानांचा एक अख्खा विभाग तर जुळूच शकत नाही. त्यातली थोडी विमानं हुलकावणी द्यायला दुसरीकडेच पाठवतात. सकाळच्या फळ्यावरचा आराखडा किनारा ओलांडायच्या आत पातळ झालेला असतो.

दुपारी एक ते अडीच

आखनजवळ पी-४७ पंख हलवून मागे वळतात. जर्मन याचीच वाट बघत थांबलेले असतात. पुढचा तासभर जे होतं ते ‘लढाई’ या एका शब्दात टाकून चालणार नाही, कारण त्यात पद्धतशीर कारागिरी होती. आधी एका इंजिनाची मेसरश्मिट आणि फोक-वुल्फ विमानं ओळीनं समोरून येतात. समोरून, कारण बी-१७ चं नाक सगळ्यात दुबळं, आणि दोन्हीकडचे वेग मिळून गनरला नेम धरायला क्षणभरच मिळतो. त्यांना परतवण्यात सगळ्यांचं लक्ष गुंतलं की मागून दोन इंजिनांची विमानं मशिनगनच्या टप्प्याबाहेर राहून २१ सेंटिमीटर व्यासाचे रॉकेट सोडतात. रॉकेटचा नेम बेताचाच. पण एखादं मध्ये फुटलं की रचना विस्कटते, आणि विस्कटलेल्या विमानाला पहिली फळी पुन्हा घेरते. ती विमानं खाली उतरून पेट्रोल-दारूगोळा भरून परत येतात, आपलंच शेत असल्यासारखी.

३०५ व्या ग्रुपची बहुतेक विमानं लक्ष्य दिसायच्या आधीच पडतात.

इथं जरा थांबून विमानाच्या आत बघायला हवं, कारण कोण जगला आणि कोण नाही याचा निकाल शौर्यापेक्षा दारांवर लागत होता. वैमानिक घंटा वाजवतो, म्हणजे उडी मारा. नॅव्हिगेटर आणि बॉम्बार्डियर नाकाजवळच्या छोट्या झडपेतून निघतात. त्यांना दोन पावलांवर वाट आहे. टेल गनरला शेपटाशी स्वतःची झडप आहे, ती वाकून जाम झाली नसली म्हणजे. मधल्या गनरांना बाजूचं दार. रेडिओवाला बॉम्बच्या कप्प्यातून किंवा मागच्या दारातून. सगळ्यात वाईट दशा पोटाखालच्या काचेच्या गोळ्यातल्या गनरची. तो गर्भासारखा मुडपून बसलेला असतो, पॅराशूट आत मावत नाही, ते वर विमानात ठेवलेलं. त्यानं गोळा फिरवून दार वरच्या बाजूला आणायचं, आत चढायचं, पॅराशूट शोधून छातीला अडकवायचं आणि मग दार गाठायचं. गोळा फिरवणारी वीज गेली तर हातानं फिरवायचा. म्हणून गोळ्यात बहुधा अंगानं लहान मुलगा बसवत. आणि वैमानिक? इतर बाहेर पडेपर्यंत त्यानं विमान सरळ धरायचं. विमान गिरक्या घेऊ लागलं की आतली माणसं भिंतींना अशी दाबली जातात की हात उचलत नाही. दहा जण सकाळी एका ट्रकमधून उतरले होते; इथून पुढे दहा वेगळे हिशेब.

दुपारी २ वाजून ३९ मिनिटं

पहिले बॉम्ब सुटतात. वीस मिनिटांच्या आत २२९ विमानांचे बॉम्ब टाकून होतात. खालच्या विमानभेदी तोफांवर शाळेतली पोरंही आहेत. त्या वर्षीपासून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तोफांच्या मदतीला जुंपलं जात होतं. बॉम्बचा मारा चांगला लागतो. जर्मनीचा शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट स्पेअर पुढे लिहितो की बेअरिंगचं ६७ टक्के उत्पादन बसलं. पण यंत्रं छपरांपेक्षा चिवट निघाली, साठे होते, स्वीडन आणि स्वित्झर्लंडकडून माल येत राहिला. आणि लगेच पुन्हा घाव घालायची ताकद अमेरिकेपाशी उरली नव्हती. श्वाइनफुर्टवर पुढचा मोठा हल्ला झाला तो १९४४ च्या फेब्रुवारीत, लांब पल्ल्याची लढाऊ विमानं आल्यावर.

दुपार कलताना

चेल्व्हस्टनचं ‘लेझी बेबी’ नावाचं एक विमान घरच्या दिशेनं न जाता दक्षिणेला भरकटत निघालेलं आहे. रॉकेटनं ते फाटलंय. काहींनी आधीच जर्मनीवर उड्या मारल्या आहेत. नॅव्हिगेटरचे हात जबर जखमी आहेत, तरी तोच स्वित्झर्लंडची दिशा सांगतो. बाझेलजवळ आएश गावाच्या शेतात विमान पोटावर घसरत उतरतं. वैमानिक वाचतो, नॅव्हिगेटर स्विस रुग्णालयात मरतो. उडी मारलेले जर्मनांचे युद्धकैदी. विमानात राहिलेले तटस्थ देशाचे पाहुणे, म्हणजे डोंगरातल्या हॉटेलात ठेवलेले नजरकैदी. युद्धभरात असे दीड हजारांवर अमेरिकी वैमानिक स्वित्झर्लंडमध्ये अडकले. एका विमानाची माणसं, एकाच दुपारी तीन वेगळ्या नशिबांना लागली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास

चेल्व्हस्टनला मेकॅनिक आपापल्या जागी येऊन उभे आहेत. ढग पुन्हा खाली आले आहेत. आत जखमी माणसं असलेलं विमान लाल बार उडवतं, त्याला आधी उतरू देतात. शत्रूच्या हद्दीत शिरलेल्या पंधरांपैकी दोन उतरतात. बाकीची दुसऱ्या तळावर गेली असतील म्हणून फोन फिरवले जातात. ती कुठेच गेलेली नसतात. थर्ले इथल्या ३०६ व्या ग्रुपची दहा गेलीत. सगळे मिळून ६० विमानं युरोपात राहिली, सुमारे ६०० माणसं. आणखी पाच विमानं इंग्लंडमध्ये येऊन मोडली.

परतलेल्यांना व्हिस्कीचा एक घोट, रेडक्रॉसच्या बायकांकडून कॉफी आणि डोनट. मग गुप्तवार्ता अधिकाऱ्यासमोर टेबलाशी बसून जाबजबाब: किती पॅराशूट दिसले, कुठल्या विमानातून, किती वाजता. तुम्ही किती विमानं पाडली? त्या दिवशी १८६ पाडल्याचा दावा झाला. जर्मन नोंदींप्रमाणे आकडा चाळिशीच्या आत. लबाडी नव्हती, एक विमान जळत खाली जाताना वीस गनर त्यावर गोळ्या झाडत असतात आणि वीसही जण ते आपलं मोजतात.

रात्री

आता पुन्हा कारकुनांची पाळी. प्रत्येक न परतलेल्या विमानासाठी ४८ तासांत एक अहवाल भरायचा: दहा नावं, हुद्दे, जवळच्या नातेवाइकांचे पत्ते, शेवटचं कुठं दिसलं त्याचा नकाशा, चारही इंजिनांचे क्रमांक आणि प्रत्येक मशिनगनचा क्रमांक. युद्धात एवढी बारीक नोंद बघून आधी हसू येतं. पण पुढे हॉलंडच्या किंवा जर्मनीच्या शेतात गंजकं लोखंड निघालं की ते कोणाचं, याचा शोध पुष्कळदा त्या क्रमांकांवरून लागला.

झोपड्यांत एक अधिकारी आणि एक-दोन शिपाई येतात. खाटांखालच्या पेट्या उघडून सामान वेगळं करायचं. सरकारी ते सरकारजमा. खाजगी ते कॅन्सस सिटीच्या कचेरीमार्फत घरी. त्याआधी पत्रं चाळायची. बायकोला जाणाऱ्या पेटीत इंग्लंडमधल्या मैत्रिणीचा फोटो जाता कामा नये, आईच्या हाती नको ती चित्रं पडता कामा नयेत. हे काम नियमावलीत कसंही लिहिलेलं असो, करणाऱ्यांनी ते शेजारधर्म म्हणून केलं. चांगले बूट, सायकली मात्र तळावरच फिरत राहत. गाद्या गुंडाळल्या जातात. नव्या क्रू दोन-चार दिवसांत येतील.

त्याच रात्री, इतरत्र

उडी मारून जर्मनीत पडलेल्यांना पोलीस, शेतकरी, कोणाही गणवेशवाल्यानं धरलेलं असतं. त्यांची वाट फ्रँकफुर्टजवळच्या ओबरउर्झेलच्या चौकशी-छावणीला जाते. तिथं एकट्याची कोठडी, कधी गार कधी भट्टीसारखी, आणि रेडक्रॉसच्या नावानं छापलेला खोटा फॉर्म: घरी कळवायचंय ना, मग एवढं भरा, तळ कोणता, कमांडर कोण. तिथून सकाळची वाटणी पुन्हा. अधिकारी सागानच्या छावणीत, सार्जंट ऑस्ट्रियात क्रेम्सच्या ‘श्तालाग १७ ब’ मध्ये, जिथं पहिले अमेरिकी सार्जंट आदल्याच दिवशी येऊन पोचले होते. त्या छावणीतून सुटलेल्या दोघांनी पुढे नाटक लिहिलं आणि त्यावर बिली वाइल्डरनं १९५३ साली सिनेमा काढला. तो विनोदी अंगाचा आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या कैद्यांना ब्राउनाउपर्यंत अठरा दिवस चालवत नेलं, ते त्यात नाही.

हॉलंड-बेल्जियमच्या बाजूला पडलेल्यांपैकी कोणी गोठ्यात, गवताच्या गंजीत लपलेला असतो. त्याचं पुढचं आयुष्य त्या घराचं दार उघडणाऱ्या बाईवर. त्याला ब्रुसेल्स-पॅरिसमार्गे पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनला पोचवणारी ‘कॉमेट’ नावाची साखळी आंद्रे द योंग या बेल्जियन मुलीनं १९४१ साली, चोवीस वर्षांची असताना उभी केली होती. या ऑक्टोबरात ती स्वतः जर्मनांच्या कैदेत होती आणि साखळी इतर चालवत होते. पकडला गेलेला वैमानिक युद्धकैदी होई. त्याला लपवणारा गोळीला किंवा छळछावणीला जाई. या मोहिमांचे हिशेब मांडताना हा रकाना बहुतेक पुस्तकांत रिकामाच असतो, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

निसटून इंग्लंडला पोचलेल्याला त्या भागावर सहसा पुन्हा उडू देत नसत. पकडला गेला तर त्याला ठाऊक असलेली घरं धोक्यात.

त्यानंतर

अमेरिकेत घरी तार पोचायला दोनेक आठवडे लागत. तारेत ‘मृत’ नसे, ‘बेपत्ता’ असे. बेपत्त्याचा पगार चालू राहायचा, घरी लावून दिलेली रक्कम दर महिन्याला यायची. बारा महिन्यांत कैदेतून पत्र आलं नाही, कुठून खबर लागली नाही, तर लष्कर त्याला कागदोपत्री मृत ठरवू शके आणि पगार थांबे. आठव्या हवाई दलाचे एकूण २६ हजारांवर मेले आणि सुमारे २८ हजार कैदेत गेले. दोन्हींच्या मध्ये काही महिने तरी हजारो घरं या ‘बेपत्ता’वर राहिली.

१९४५ ला छावण्या उघडल्या. सुटून आलेल्यांना एक प्रश्नावली दिली जाई, आपल्या विमानातल्या प्रत्येक न सापडलेल्या माणसासाठी एक. तो कुठं बसला होता? जखमी होता का? त्यानं उडी मारली का? तुमचं त्याच्याशी शेवटचं बोलणं काय झालं? हे ऐकीव की डोळ्यांनी पाहिलेलं? एकाच विमानातल्या दोघांची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत, आणि जुळणार तरी कशी. शेपटातल्याला नाकात काय झालं ते दिसत नव्हतं, इंटरकॉमची तार तुटलेली होती. कारकून दोन्ही उत्तरं त्याच अहवालाला टाचणीनं जोडून फाईल बंद करतो.